८० च्या पाटीवर ८६: पोलीस नेमकी किती सूट देतात?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी,

गणपतीआधी घराची साफसफाई करायला गेल्या शनिवारी कल्याणहून मुंबई-गोवा महामार्गाने मालवणला गेलो. सोबत बायको, मुलगी आणि पुढच्या सीटवर बाबा. रात्री दोनला निघालो, माणगावची गर्दी टळली, कशेडीच्या बोगद्यातून झटकन पलीकडे. राजापूर सोडल्यावर रस्ता कसा झालाय ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. चौपदरी, मधे दुभाजक, पावसाची उघडीप आणि पुढे-मागे कोणी नाही.

तळेरे ओलांडलं आणि नांदगावच्या अलीकडे एका झाडाखाली पोलिसांची पांढरी गाडी उभी दिसली. कोणी हात केला नाही, थांबवलं नाही. कसालला पेट्रोल भरत होतो तेव्हा मोबाइलवर मेसेज आला. चलान, दंड २००० रुपये. अॅपमध्ये फोटो उघडला तर गाडीची नंबरप्लेट स्वच्छ दिसते आहे आणि खाली लिहिलंय: मर्यादा ८०, वेग ८६.

माझ्या गाडीचा काटा तेव्हा ९० च्या जवळ होता, हे मी कबूल करतो. पण बावीस वर्षं या रस्त्याने गाडी चालवतोय आणि आजवर हेच ऐकत आलो की दहापर्यंत पोलीस सोडून देतात. मेहुणे तर छातीठोकपणे सांगतात. मग ६ ला दंड कसा? असा काही नियम खरंच आहे का, की ही नुसती ऐकीव गोष्ट? आणि दुसरं म्हणजे, ८० ची पाटी मला दिसलीच नाही. बाबांनाही दिसली नाही, आणि ते पाट्या मोठ्याने वाचत प्रवास करतात.

पैशांचा प्रश्न नाही. नियम काय आहे ते एकदा नीट समजून घ्यायचंय.

मालवणी झील

रे भावा, ती गाडी थंय रवता ह्या सगळ्यांका म्हायत आसा. समोरचो ट्रकवालो दिवे मारता तेवाच समजाचा आणि गाडी हळू करूची.

दहा सोडतत ह्या खरा न्हय. माका ८८ क धरल्यानी आणि माझ्या शेजाऱ्याक त्याच दिवशी ९५ क काय्येक नाय.

घाटवाट

८० म्हणजे ८०. सूट कसली मागायची?

अलिबागचा हिशेबनीस

घाटवाट, तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण "सूट" हा शब्द अगदीच हवेतून आलेला नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून कमाल वेग ठरवले होते. मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, इतर रस्त्यांवर ७०. त्याच अधिसूचनेत मर्यादेच्या ५ टक्क्यांपर्यंतचा जादा वेग चालवून घ्यावा अशी तरतूद होती. म्हणजे ८० ला ८४, १०० ला १०५. मेहुण्यांचे "दहा" त्यात कुठेच बसत नाहीत.

पुढे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द ठरवली. वेग वाढवल्याने अपघात वाढतात, हा त्या निकालाचा गाभा होता. तेव्हा त्या ५ टक्क्यांवर हक्क सांगून कोणी कोर्टात उभं राहू नये असं माझं मत आहे. मूळ कायद्यात, म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये, कमाल वेगापेक्षा जास्त चालवू नये एवढंच आहे. टक्केवारी नाही, दहा नाही, पाच नाही.

आणि सड्यावरचा, ५ टक्के धरले तरी तुम्ही ८४ च्या वर २ होता.

सड्यावरचा

हिशेबनीस, धन्यवाद. ही ५ टक्क्यांची गोष्ट मला पूर्ण नवीन आहे.

रेवदंड्याची मीनल

भावाचं इंग्लंडमध्ये असंच झालं होतं. तिकडच्या पोलीस प्रमुखांची मार्गदर्शक सूचना आहे, मर्यादेवर १० टक्के आणि वर २ मैल. म्हणजे ३० च्या रस्त्यावर ३५ पासून कारवाई. पण ती सूचनाच आहे, ३१ ला धरायचा अधिकार पोलिसाकडे राहतोच. भावाला ३६ ला पकडलं, वर्गात बसवून चार तास शिकवलं. म्हणतो त्या वर्गानंतर खरोखर हळू चालवायला लागलो. आपल्याकडे असे वर्ग का नाहीत?

खेडचा दुबईकर

माझी एकोणीस वर्षं तिकडे गेली म्हणून सांगतो. दुबईत पाटीवर १०० असेल तर कॅमेरा १२० नंतर टिपतो. २० ची सूट सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे १०० च्या रस्त्यावर सगळे ११९ ने. अबूधाबीने ऑगस्ट २०१८ मध्ये ही सूट काढून टाकली आणि पाट्याच बदलल्या. जिथे १२० असायची तिथे १४०. म्हणजे पाटीवर जे लिहिलंय तेच खरं. दोन्हीकडे चालवलं. अबूधाबीची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. सूट जाहीर झाली की तीच मर्यादा होऊन बसते.

सुट्टीत गावी आलो की पहिले दोन दिवस हात स्टिअरिंगवर घट्ट असतात. तिकडे सरळ रस्त्यावर उंट येईल एवढीच भीती. इथे भोस्ते घाट उतरलो की कुत्रा, गाय, रिक्षा, उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला आणि दुभाजक ओलांडणारी आजी, सगळे पाच मिनिटांत भेटतात.

आता शेतीच

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, शेवटची चार वर्षं महामार्गावर होतो. नाव-गाव लिहीत नाही, पण जे हाताने केलं ते सांगतो.

आमच्या गाडीत वेग मोजायची जी गन असते ती लेसरची. ती गाडीच्या नंबरप्लेटवर धरायची. तिच्यातून डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके जातात, प्लेटवर आपटून परत येतात, आणि प्रत्येक ठोक्याला परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. सेकंदाच्या छोट्याशा भागात असे पुष्कळ ठोके, म्हणून अंतर किती कमी झालं ते कळतं, त्यावरून वेग. काही शे मीटरवरून एकच गाडी नेमकी धरता येते. सड्यावरचा, तुम्हाला आमची गाडी दिसली तेव्हा तुमचा फोटो बहुधा निघून गेला होता. झाडाखाली पोचल्यावर ब्रेक मारणारे रोज शेकड्याने बघितलेत.

आता सूट. यंत्रात एक आकडा भरावा लागतो, त्याच्या वरची गाडी आली की यंत्र फोटो घेतं. तो आकडा कोणी ८१ भरत नाही. ८१ भरला तर दिवसभरात इतकी चलानं निघतील की पाहणं अशक्य. शिवाय यंत्राचीही थोडी चूक गृहीत धरावी लागते, नाहीतर लोक भांडायला येतात आणि त्यांचं भांडण खरं असतं. मी स्वतः ५ च्या वर ठेवायचो. माझ्यानंतर आलेला अधिकारी वेगळा ठेवायचा. शाळेजवळ उभे असलो तर मी कमी ठेवायचो, रात्री मोकळ्या रस्त्यावर जरा जास्त. म्हणून झीलला ८८ ला चलान आणि शेजाऱ्याला ९५ ला नाही. शेजारी गेला तेव्हा गन दुसऱ्या गाडीवर असेल किंवा पोरं चहा पीत असतील.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रस्त्याच्या कडेला तिरकस उभं राहून गन धरली तर यंत्र खऱ्यापेक्षा किंचित कमी वेग दाखवतं, जास्त नाही. म्हणजे तिरकेपणाचा फायदा चालकाला. ८६ लागले असतील तर तुमची गाडी निदान ८६ ने होती.

मालवणी झील

काका, चाय पिणाऱ्या पोरांका माझो नमस्कार सांगा. 🙏

वळणावळणाचा

माझं काम वाहनांच्या चाचणीचं, पुण्यात. मूळ गाव लांजा. काट्याबद्दल थोडं.

गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी दाखवता कामा नये, हा नियम आहे. जास्त दाखवलं तर चालतं, ठरावीक हद्दीपर्यंत. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा वर ठेवतात. टायर घासले, हवा कमी असली तरी नियम मोडू नये म्हणून. त्यामुळे काट्यावर ९० आणि गनवर ८६ हे अगदी नेहमीचं आहे. मोबाइलच्या नकाशावर वेग दिसतो तो लावून बघा, माझ्या गाडीत काटा १०० म्हणतो तेव्हा तिथे ९५ असतात.

याचा अर्थ असा की तुमच्याकडे एक सूट आधीच आहे, ती गाडीच्या कंपनीने दिली. काट्यावर ८० ठेवलं तर तुम्ही खरं ७६-७७ ने जाताय. त्यावर पोलिसांची ५. म्हणजे दंड लागेपर्यंत काट्यावर जवळजवळ ९० होतात. बावीस वर्षं "दहा सोडतात" असं वाटत आलं ते बहुधा यामुळे. ते दहा पोलिसांनी सोडले नव्हते, त्यातले चार-पाच काट्याने खाल्ले होते.

जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांना ८० ला टिंग होतं आणि १२० ला सलग वाजत राहतं. तो टिंग ऐकून लोक आवाज वाढवतात, गाण्याचा.

अलिबागचा हिशेबनीस

वळणावळणाचा, हे फार छान उलगडून सांगितलंत. मेहुण्यांना हा प्रतिसाद पाठवायला हवा.

आंबापेटी

माझी पिकअप आहे. मार्च ते मे देवगड-वाशी. सगळे गाडी चालवणाऱ्याला बोलतात, म्हणून आमची बाजू लिहितो.

पेटी संध्याकाळी भरते. बागायतदार म्हणतो अजून वीस पेट्या काढून देतो, थांब. थांबतो. सात वाजता निघणारी गाडी साडेनऊला निघते. वाशीच्या मार्केटला पहाटे पोचलं तर भाव, उशीर झाला की दलाल म्हणतो माल पडला. ते अडीच तास कुठून काढायचे? रस्त्यातून. व्यापाऱ्यालाही माहीत, बागायतदारालाही माहीत. चलान आलं की मात्र ते माझ्या नावावर. गेल्या हंगामात तीन आले, सहा हजार. एका ट्रिपचे पैसे गेले.

मासळीच्या गाड्यांचं त्याहून वाईट. बर्फ वितळतो.

मी वेगाची बाजू घेत नाही. हातखंब्याच्या उतारावर उलटलेली गाडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि पेट्या रस्त्यावर फुटलेल्या. चालक पोरगा होता, चोवीस वर्षांचा. हापूसचा वास येत होता सगळीकडे आणि त्याला बाहेर काढायला आम्ही टॉमी शोधत होतो. वाचला तो. पण त्या दिवसापासून मी निघायची वेळ लिहून घेतो. सातला गाडी हलणार, पेट्या असोत नसोत. दोन बागायतदार तुटले. चालेल.

अलिबागचा हिशेबनीस

आंबापेटी, तुमच्यासाठी कायद्यात एक गोष्ट आहे जी फारशी कोणी वाचत नाही. कलम १८३. आपल्या नोकराला किंवा हाताखालच्या माणसाला वेगमर्यादा मोडायला लावणाराही त्यात दंडाला पात्र आहे. आणि त्याच कलमात पुढे आहे की एखादं वेळापत्रक जाहीर केलं, किंवा अमुक वेळात पोच असा हुकूम दिला, आणि वेग मोडल्याशिवाय ते शक्यच नाही असं कोर्टाला वाटलं, तर तो हुकूमच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. गणपतीत "रात्री दहाला दादर, सकाळी सहाला सावंतवाडी" अशी तिकिटं विकणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना हे कोणीतरी वाचून दाखवायला हवं.

पाट्यावरचं वाटण

+१. त्या बसमध्ये मी बसलेली आहे. रात्रभर देव आठवले.

घाटवाट

हे सगळं वाचून मला माझं आधीचं एका ओळीचं उत्तर तोकडं वाटतंय. पण मत तेच आहे. आंबापेटींनी निघायची वेळ बदलली, दिवे मारून एकमेकांना वाचवत बसले नाहीत. झील, ट्रकवाल्याने दिवे मारले की तुम्ही दोन किलोमीटर हळू जाता आणि मग पुन्हा सुरू. त्या दोन किलोमीटरमध्ये एखादं पोर रस्त्यावर येईलच असं थोडंच आहे?

मालवणी झील

मान्य. पण पोलीस पण थंयच उभे रवतत जंय रस्तो सरळ आणि मोकळो आसा. जंय माणसा मरतत थंय उभे रवा, मी सोता चाय आणून देतंय.

आता शेतीच

झील, हे तुम्ही जिव्हारी लागेल असं बोललात आणि ते बरोबर आहे. गनला सरळ रस्ता लागतो. वळणावर नंबरप्लेट धरता येत नाही. गाडी उभी करायलाही कडेला जागा हवी, ती घाटात नाही. त्यामुळे जिथे वेग मोजणं सोपं तिथे आम्ही, आणि जिथे वेग जीव घेतो तिथे नुसती पाटी. मी दोनदा लेखी दिलं होतं की घाटाच्या तोंडाशी कायमचा कॅमेरा बसवा. नोकरी संपली.

लाल माती

मी शाळेत शिकवते. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा आमच्या गावाचे दोन तुकडे झाले. शाळा, देऊळ, दुकान एका बाजूला आणि अर्धी वाडी दुसऱ्या बाजूला. भुयारी रस्ता दिलाय तो पाऊण किलोमीटर लांब, आणि पावसात त्यात गुडघाभर पाणी. माणसं काय करतात? दुभाजकात जिथे झाडं मेली तिथून ओलांडतात.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी अशीच ओलांडत होती. डोक्यावर इरलं नाही, छत्री होती, काळी, जुनी. हातात दुधाची बरणी. पाऊस तिरका होता म्हणून छत्री तिने वाऱ्याच्या बाजूला धरली, आणि गाडी त्याच बाजूने आली. चालवणारा चांगला माणूस होता. पळाला नाही. उचलून दवाखान्यात नेलं, पोलीस येईपर्यंत व्हरांड्यात बसून होता, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी फार जोरात नव्हतो हो." आणि खरंच असेल. पाटी ८० ची आहे. तो ९० असेल, ८५ असेल.

बरणी मी उचलून आणली होती. झाकण घट्ट होतं, दूध सांडलं नव्हतं.

त्यामुळे किती सूट मिळते हा प्रश्न वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. सड्यावरचा, तुम्हाला उद्देशून नाही हे. तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत.

सड्यावरचा

ताई, काय लिहू कळत नाही. वाचून थांबलो.

वळणावळणाचा

लाल मातीताईंच्या प्रतिसादानंतर आकडे लिहावेत की नाही असा विचार केला. पण लिहितो, कारण ६ म्हणजे काय ते समजायला हवं.

समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ८० ने चाललेली गाडी साधारण ५७ मीटरवर थांबते. ८६ ने चाललेली साधारण ६५ वर. वाटतं, आठ मीटर, काय मोठंसं. पण ज्या जागी ८० ची गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी ८६ ची गाडी अजून ताशी ३६ ने जात असते. ३६ ने माणसाला गाडी लागली तर काय होतं ते मी चाचणीच्या पुतळ्यांवर बघतो.

ओल्या रस्त्यावर ८० ला सुद्धा ८० मीटरच्या वर लागतात. आणि १०० किलोमीटरच्या प्रवासात ८० ऐवजी ८६ ने गेलं तर वाचतात सव्वापाच मिनिटं.

रेवदंड्याची मीनल

अंगावर काटा आला. हे शाळेत शिकवायला हवं.

पाट्यावरचं वाटण

अवांतर आहे, पण कोकण रेल्वे बघा. पावसाळ्यात तिचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या मुद्दाम हळू, जोराचा पाऊस लागून पुढचं नीट दिसेना झालं तर ताशी ४०. दरडी, ओघळ, सगळ्याचा विचार करून. प्रवासी कुरकुरतात पण कोणी म्हणत नाही की मोटरमनने दहा वाढवावेत. त्याच डोंगरातून, त्याच पावसात रस्ता जातो आणि पाटी जूनमध्येही ८० आणि मेमध्येही ८०. पावसाळ्याची वेगळी पाटी का नाही?

खेडचा दुबईकर

हे एकदम पटलं. अबूधाबीत धुकं पडलं की रस्त्यावरच्या दिव्यांच्या पाट्या आपोआप ८० वर येतात, आणि ते ८० च धरतात.

घाटवाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे लागलेत, तिथे दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजतात. कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून उपयोग नाही. घाटात मोटारींना ६०, आणि आता लोक खरंच ६० ने जातात, मी बघितलंय. आपल्या महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, ते पूर्ण झालं की इथेही तेच करावं.

मालवणी झील

सरासरी मोजतत तर मधी बटाटोवडो खावक थांबाचा. सरासरी आपोआप खाली.

आता शेतीच

झील, त्याने वडेवाल्याचं भलं होईल आणि रस्त्यावरच्या माणसाचंही. थांबा खुशाल.

अलिबागचा हिशेबनीस

मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहून गेला, पाटीचा. कलम ११२ प्रमाणे एखाद्या ठिकाणी वेग कमी ठरवला तर तिथे योग्य जागी पाटी लावण्याची गोष्ट त्याच कलमात आहे. आणि कॅमेऱ्याने किंवा गनने चलान करायचं तर २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७-अ लागू आहे. यंत्राला दरवर्षी नव्याने प्रमाणपत्र हवं, अशा टप्प्याआधी सूचना देणारी पाटी ठळक दिसेल अशी हवी, चलानात वेगाचं मोजमाप आणि ठिकाण-वेळ हवी, आणि नोटीस १५ दिवसांत मिळायला हवी.

तेव्हा सड्यावरचा, पाटी खरंच नव्हती किंवा दिसत नव्हती, तर तुमची तक्रार रास्त आहे. "दहा सोडतात" हा बचाव नाही. "पाटी झाकलेली होती" हा आहे. परत जाल तेव्हा फोटो काढा.

सड्यावरचा

गणपतीला परत गेलो तेव्हा मुद्दाम थांबलो. तळेऱ्यापासून हळू हळू, धोक्याचे दिवे लावून. मुलगी मागच्या सीटवरून पाट्या शोधत होती.

पाटी आहे. रस्त्याच्या डाव्या कडेला, लोखंडी खांबावर. पण खांबावर वेल चढलाय, आणि वेल चढून वरच्या गोलावर पसरलाय. मागून घाणेरीचं रान. चालत जवळ गेलो तेव्हा पानांमधून लाल कडेचा एक तुकडा आणि ० दिसलं. ८ दिसतच नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, ही शून्याची पाटी आहे." सूचना देणारी पाटी त्याच्या अलीकडे कुठेच सापडली नाही.

फोटो काढले, अॅपवर तक्रार टाकली, महामार्गाच्या कार्यालयालाही अर्ज दिला.

लाल माती

आमच्या शाळेच्या आधीची पाटीही दरवर्षी श्रावणात अशीच बुजते. मुलांना घेऊन आम्ही कापतो. कोणी वाट बघायची?

सड्यावरचा

दोन महिन्यांनी लिहितोय. अॅपवरची तक्रार एका ओळीत फेटाळली, "वेगमर्यादा उल्लंघन स्पष्ट आहे". पाटीबद्दल अक्षर नाही. हिशेबनीस म्हणाले कोर्टात जाता येईल. विचार केला. वेग ८६ होता हे खरं आहे, गन बरोबर होती हेही खरं. पैसे भरले. पाटीचा अर्ज मात्र सोडलेला नाही, दर पंधरा दिवसांनी आठवण पाठवतो. मेहुण्यांनी अजून दहाचा हट्ट सोडलेला नाही. त्यांना वळणावळणाचा यांचे ५७ आणि ६५ मीटर अंगणात पावलं टाकून दाखवले, तेव्हा गप्प झाले.

दिवाळीला जाताना घरून कोयती घेतली होती. नांदगावचा एक मित्र आला, दोघांनी मिळून वेल मुळापासून काढला, घाणेरी तोडली, खांब मोकळा केला. अर्धा तास लागला. वेलाची मुळं खांबाच्या सिमेंटमध्ये शिरली होती, ती ओढताना हात सोलले. पाटी फडक्याने पुसली तर लांबून चकाकायला लागली. तेवढ्यात एक मासळीची गाडी जोरात आली आणि आमच्यासमोर तिचा वेग उतरलेला मी पाहिला. आम्हाला बघून उतरला की पाटी बघून, सांगता येणार नाही.

लाल माती

सड्यावरचा दादा, आमच्या मुलांना तुमची ही पोस्ट वर्गात वाचून दाखवली. पुढच्या श्रावणात त्यांनी तुमच्या पाटीचीही जबाबदारी घ्यायचं ठरवलंय. मी सांगितलं, एवढ्या लांब जायला बस नाही. तर म्हणतात सड्यावरच्या काकांना सांगा, गाडी पाठवा आणि हळू चालवा.

सड्यावरचा

पाठवतो. नक्की.

रेवदंड्याची मीनल

शनिवारी चिपळूणला निघतोय. परशुराम घाट सध्या दोन्ही बाजूंनी चालू आहे का?

आता शेतीच

चालू आहे. सकाळी नऊपर्यंत धुकं असतं, पुढचं दिसत नाही. दिवे लावा आणि ४० च्या वर जाऊ नका, पाटी काहीही म्हणो.